मंगळाच्या पृष्ठभागावर आज द्रवरूप पाणी आहे का? प्रदर्शनाच्या फलकावर नेमकं काय लिहावं?

मुलुंड_फलक (धागाकर्ता)

मुलुंडला नववी-दहावीच्या मुलांचं विज्ञान प्रदर्शन आहे. 'मंगळावरचं पाणी' या विषयाला तीन फलक आणि एक प्रयोग एवढी जागा मिळाली आहे. मुलांनी जमवलेल्या मजकुरात तीन दावे शेजारीशेजारी येऊन बसलेत. २०१५: उतारांवरून खारं पाणी वाहतं. २०१८: दक्षिण ध्रुवाच्या बर्फाखाली २० किलोमीटर रुंद तळं आहे. २०२४: कवचाच्या आत समुद्रभर पाणी आहे. आणि त्याच कागदावर खाली ठळक अक्षरांत, 'मंगळावर दाब इतका कमी की पाणी द्रवरूपात राहूच शकत नाही'. परीक्षक पहिल्या मिनिटात धरतील.

विचारायचं असं:
१) यातलं आज काय उभं आहे, काय पडलं?
२) मंगळावर पेलाभर पाणी ओतलं तर काय होईल? (हा प्रश्न हमखास येणार.)
३) शाळेत करता येईल असा प्रयोग कोणता? परक्लोरेट (मंगळाच्या मातीतला क्षार) विकत मिळतं का?

बातम्यांच्या लिंका नकोत, त्या ढीगभर आहेत. कारणं हवीत.

बाष्पदाब

ते ठळक वाक्य आधी काढा. अर्धंच खरं आहे, आणि खोडायला सोपं आहे.

पाण्याचा ट्रिपल पॉइंट (बर्फ, पाणी आणि वाफ तिन्ही एकत्र राहतात तो बिंदू) ०.०१ अंश सेल्सिअस आणि ६११ पास्कलला आहे. मंगळावरचा सरासरी दाबही जवळपास तेवढाच, साधारण ६१० पास्कल. म्हणजे सरासरीच्या वर आणि खाली, दोन्हीकडे जागा आहेत. हेलास खोऱ्याचा तळ सरासरी पातळीच्या सुमारे ७ किलोमीटर खाली आहे. तिथे दाब ११५० पास्कलच्या आसपास जातो आणि पाणी ९ अंशांना उकळतं. गेल विवरात ऋतूप्रमाणे दाब साधारण ७३० ते ९२० पास्कलमध्ये हलतो, कारण हिवाळ्यात कार्बन डायऑक्साइड ध्रुवावर गोठून हवेतूनच कमी होतो. नुसता दाब आणि तापमानाचा आलेख पाहिला तर या दोन्ही ठिकाणी उन्हाळी दुपारी द्रवरूप पाण्याला 'परवानगी' आहे.

मेख पुढे आहे. हा दाब कार्बन डायऑक्साइडचा. पाण्याच्या वाफेचा त्यातला वाटा एका पास्कलहूनही कमी. सगळ्या हवेतली वाफ खाली उतरवली तर साधारण १० ते २० मायक्रोमीटरचा थर होईल. शून्य अंशाच्या पाण्याचा बाष्पदाब ६११ पास्कल आणि आजूबाजूची हवा ठणठणीत कोरडी, त्यामुळे ते उकळलं नाही तरी सपाट्याने उडतं. मंगळासारख्या दाबाच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये केलेल्या प्रयोगांत शून्य अंशाला तासाला साधारण १ मिलिमीटर एवढा वेग मिळाला आहे.

आता उष्णतेचा हिशेब मांडा. तासाला १ मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला तासाला १ किलो. अप्रकट उष्मा किलोला २५ लाख ज्यूल. ३६०० सेकंदांनी भागा: सुमारे ६९० वॅट प्रति चौरस मीटर. मंगळाच्या सरासरी अंतरावर सूर्याकडून येतात ५९० वॅट, तेही ऊन काटकोनात पडलं, धूळ नसली आणि काहीच परावर्तित झालं नाही तर. सूर्याच्या सर्वांत जवळ असताना ७१५. म्हणजे भर दुपारचं ऊनसुद्धा नुसत्या बाष्पीभवनातच खर्च होतं, उरलेली उष्णता पाणी स्वतःच्या अंगातून देतं आणि गोठतं. बर्फाचंही तेच: वितळण्याइतका तापायच्या आत संप्लवनाने थंड होत राहतो. मंगळावरचा बर्फ वितळायला का मागत नाही, याचं उत्तर या एका भागाकारात आहे. फलकावर हाच भागाकार टाका, मुलांना करता येतो.

पेलाभर पाणी: २५ अंशांचं ओतलंत तर ते धडाधड उकळेल (त्या तापमानाला बाष्पदाब ३१७० पास्कल आहे), उकळता उकळता थंड होईल, वर बर्फाची साय धरेल, आणि मग तो बर्फ सावकाश उडून जाईल. 'क्षणात नाहीसं होईल' असं लिहू नका. सहावा भाग उडाला की बाकीचं गोठलेलं असतं.

उतार_२७

२०१५ च्या दाव्याबद्दल. त्यातल्या रेघांना आरएसएल (रिकरिंग स्लोप लिनिए) म्हणतात: उताराला अर्धा ते पाच मीटर रुंदीच्या काळपट रेघा, उन्हाळ्यात खाली लांबत जातात, थंडीत फिक्या होतात, पुढच्या वर्षी पुन्हा उमटतात. मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर यानावरच्या हायराइझ कॅमेऱ्याने त्या टिपल्या; २०११ साली प्रसिद्ध झाल्या. पहिल्यांदा लक्षात आणून देणारा लुजेंद्र ओझा तेव्हा ॲरिझोना विद्यापीठात पदवीचा विद्यार्थी होता, हे मुलांना जरूर सांगा. ऊन लागणारे उतार, २५० ते ३०० केल्विन तापमान, ऋतूनुसार येणं-जाणं. पाण्याचा संशय येणं अगदी रास्त होतं.

२८ सप्टेंबर २०१५ ला नासाने जाहीर केलं ते चार ठिकाणांच्या वर्णपटांवरून: पालिकिर, हॉरोविट्झ आणि हेल ही विवरं आणि कोप्रेट्स दरी. त्याच यानावरच्या क्रिझम वर्णपटमापकात १.४८ आणि १.९१ मायक्रोमीटरला खळगे दिसले, त्यांवरून मॅग्नेशियम परक्लोरेट, मॅग्नेशियम क्लोरेट, सोडियम परक्लोरेट यांचे पाणी धरलेले क्षार. लक्षात घ्या, तेव्हाही सापडलं होतं ते ओलसर मीठ. वाहतं पाणी कुणी पाहिलं नव्हतं. मथळ्यांनी राईचा पर्वत केला.

मग तीन गोष्टींनी दावा ढिला पडला.

पहिली, क्रिझमचा एक पिक्सेल सुमारे १८ मीटरचा. पाच मीटरची रेघ त्याचा एक तृतीयांश भागसुद्धा भरत नाही. शिवाय २०१८ मध्ये दाखवून दिलं गेलं की उजेड आणि सावलीच्या तीव्र सीमेवर या उपकरणाच्या विदेवर (डेटावर) जी गाळणी लावतात ती १.९ आणि २.१ मायक्रोमीटरला खोटे खळगे तयार करते. उताराच्या चित्रात अशा सीमा जागोजागी असतात. तपासायची रीत सोपी आहे: गाळणी न लावलेली विदा उघडा, त्याच जागेचं दुसऱ्या दिवशीचं चित्र उघडा, आणि रेघांपासून दूरचे पिक्सेल तपासा. खरा क्षार असेल तर तो पुन्हा त्याच जागी दिसतो. खोटा खळगा कुठेही उगवतो.

दुसरी, उष्णतेची मोजणी. गार्नी विवरातल्या रेघांच्या जमिनीचं थेमिस या उष्णता टिपणाऱ्या उपकरणाने मोजलेलं तापमान शेजारच्या कोरड्या जमिनीपेक्षा वेगळं नव्हतं; ओल असलीच तर वजनाने ३ टक्क्यांहून कमी.

तिसरी मला सर्वांत पटणारी, २०१७ ची. १० ठिकाणच्या १५१ रेघांचा उतार मोजला. रेघा जवळपास सगळ्या २७ अंश किंवा त्याहून जास्त उतारावरच थांबतात. कोरडी वाळू घसरायची थांबते तोच हा कोन. पाणी असतं तर सौम्य उतारावरही पुढे ओघळलं असतं. २०१८ च्या जागतिक धूळवादळानंतर रेघांची संख्या एकदम वाढली, तेही धुळीकडेच बोट दाखवतं.

मुलांना हे स्वतः मोजता येईल. हायराइझच्या संकेतस्थळावर उंचीचे नकाशे (डीटीएम, एक मीटरला एक बिंदू) आणि त्यांच्याशी जुळवलेली ऑर्थो (उंचसखलपणामुळे येणारी घसर काढलेली) चित्रं फुकट आहेत. पालिकिरचा डीटीएम घ्या, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, रास्टर मेनूतून स्लोप काढा, रेघेच्या शेवटच्या २० मीटरवरची सरासरी घ्या. इथे हमखास चुका होतात त्या अशा:
- प्रोजेक्शन अंशांत राहिलं तर उंची मीटरमध्ये आणि अंतर अंशांत. सगळाच उतार ९० अंशांजवळ येतो. मीटरमधलंच प्रोजेक्शन ठेवा.
- प्रोजेक्शनचा मध्य-अक्षांश त्या जागेजवळचा नसेल (विषुववृत्त घेतलं आणि जागा ४० अंश दक्षिणेला) तर पूर्व-पश्चिम अंतर ताणलं जातं आणि उतार कमी भरतो.
- साधं मूळ चित्र डीटीएमवर टाकलं तर कड्यांवर दहा-वीस मीटरची घसर येते. ऑर्थोच वापरा.
- एकेका पिक्सेलचा उतार घेऊ नका. एक मीटरच्या अंतरावर डीटीएमचा गोंगाटच जास्त असतो.

मुलुंड_फलक

उतारवाला फलक नक्की. पण मग परक्लोरेट मुळात आहे की नाही? ते उणे ६७ ला पातळ राहतं म्हणतात, तर पृष्ठभागावर कुठेतरी खारा थेंब असायला काय हरकत?

मिठागर

परक्लोरेट आहे, त्यात शंका नाही. २५ मे २००८ ला ६८ अंश उत्तरेला उतरलेल्या फिनिक्स यानाने मातीत वजनाने साधारण अर्धा टक्का मोजलं. उणे ६७ हा मॅग्नेशियम परक्लोरेटच्या द्रावणाचा नीचतम गोठणबिंदू, सुमारे ४४ टक्के द्रावणाचा. कॅल्शियमचं परक्लोरेट उणे ७५ पर्यंत जातं. साधं मीठ उणे २१ लाच हात टेकतं. तेव्हा 'थंडीमुळे अशक्य' हा आक्षेप परक्लोरेटपुढे टिकत नाही.

अडतं ते वाफेवर. हवेतली वाफ ओढून क्षार स्वतःच पातळ व्हायचा तर सापेक्ष आर्द्रता एका पातळीवर जावी लागते. पावसाळ्यात डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं ते आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेल्यामुळे. मंगळावर पहाटे तेवढी टक्केवारी खरंच येते. पण टक्केवारी कशाची, ते बघा. उणे ७० अंशांना बर्फाचा बाष्पदाब ०.२६ पास्कल. म्हणजे हवा पूर्ण संपृक्त असली तरी एका घनमीटरमध्ये वाफ जेमतेम ३ मिलिग्रॅम. जुलैतल्या मुंबईत, ३० अंश आणि ८० टक्क्यांना, त्याच घनमीटरमध्ये २४ ग्रॅम. आठ हजार पटींचा फरक. त्यामुळे मातीच्या कणावर पातळ पापुद्रा, तोही रात्री. सकाळी ऊन आलं की आर्द्रता कोसळते आणि क्षार पुन्हा कोरडा. गेल विवरातल्या क्युरिऑसिटी रोव्हरच्या हवामान-नोंदींवरून २०१५ मध्ये असाच निष्कर्ष निघाला: परिस्थिती जुळते, थेंब पाहिलेला नाही. २०२० च्या एका अभ्यासात असे टिकणारे द्राव उणे ४८ अंशांहून गरम होऊ शकत नाहीत असं निघालं. ज्ञात जीवांना तिथे वाढता येत नाही.

फिनिक्सच्या पायावर थेंबासारखे दिसणारे गोळे मात्र फोटोत आहेत, वाढत गेलेले. काहींच्या मते खारट थेंब, काहींच्या मते दहिवर. फलकावर टाकायचे तर दोन्ही मतं टाका.

शाळेत परक्लोरेट आणू नका. ते तीव्र ऑक्सिडीकारक आहे. कागद, कापूस, साखर यांच्याशी मिसळून तापलं तर भडका उडतो. कॅल्शियम क्लोराइड घ्या, प्रिन्सेस स्ट्रीटवर सहज मिळतं आणि मुद्दा तोच दाखवतं. बाटलीवर 'डायहायड्रेट' आहे की 'अनहायड्रस' ते वाचा. २५ टक्क्यांच्या १०० ग्रॅम द्रावणाला डायहायड्रेट ३३ ग्रॅम आणि पाणी ६७ ग्रॅम. अनहायड्रस असेल तर २५ आणि ७५. अनहायड्रस पाण्यात पडताच चांगलं तापतं, म्हणून पाण्यात क्षार थोडा थोडा टाका, उलटं नको. घरगुती फ्रीजरमध्ये (उणे १८) तीन बाटल्या रात्रभर: साधं पाणी, २० टक्के मीठ, २५ टक्के कॅल्शियम क्लोराइड. पहिली दगड, दुसरी गाळीव बर्फासारखी लगदा, तिसरी पातळ. दुसरी कधी कधी पूर्ण पातळच राहते, कारण तिचा गोठणबिंदू उणे १६-१७ आणि फ्रीजरचं दार सारखं उघडलं की तापमान त्याच्या वर जातं. बाटलीशेजारी थर्मामीटर ठेवाच.

रडार_४मेगा

२०१८ च्या 'तळ्या'बद्दल. हे पृष्ठभागावरचं नाहीच, दीड किलोमीटर खालचं. फलकावर ते वेगळ्या रंगात घ्या.

मार्स एक्सप्रेस यानावरचं मार्सिस रडार बर्फाच्या तळाचा प्रतिध्वनी मोजतं. २०१२ ते २०१५ मधल्या २९ फेऱ्यांत, ८१ अंश दक्षिणेजवळ, तळाचा प्रतिध्वनी आजूबाजूपेक्षा झगझगीत आला. बर्फाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (रडारलहर किती परत फिरेल हे ठरवणारा आकडा) ३.१ धरा, कोरड्या खडकाचा ८, पाण्याचा ८०. वर्गमुळांच्या फरकाला बेरजेने भागून वर्ग करा: खडकाकडून ५ टक्के ऊर्जा परत येते, पाण्याकडून ४५ टक्के. म्हणून झगझगाट दिसला की पाणी हा पहिला तर्क.

पण झगझगाट आणायला इतरही वाटा आहेत. मार्सिसची बँडविड्थ (लहरींच्या वारंवारतेचा पट्टा) १ मेगाहर्ट्झ, त्यामुळे बर्फात साधारण ८५ मीटरपेक्षा जवळचे दोन थर त्याला वेगळे दिसत नाहीत. ४ मेगाहर्ट्झची लहर बर्फात ४३ मीटरची. त्याहून पातळ धुळकट आणि स्वच्छ थर योग्य अंतराने आले तर प्रतिध्वनी एकमेकांत मिसळून जोर धरतात, पाण्याचा थेंबही न लागता. थंड चिकणमाती हाही एक पर्याय मांडला गेला. आणि तळाचं तापमान: अंदाज २०५ केल्विनच्या आसपासचा. द्राव ठेवायचा तर कॅल्शियम परक्लोरेट भरपूर हवं, नाहीतर खाली गेल्या काही लाख वर्षांतला मॅग्मा हवा. २०२५ मध्ये शराड या दुसऱ्या रडारने यान १२० अंश कलवून त्याच जागेवर नेम धरला. तेव्हा मिळालेला प्रतिध्वनी क्षीण होता, तळ्याला शोभणारा नव्हता. माझं मत: हा दावा आज उताराला लागलाय.

२०२४ चं पाणी मंगळावर उतरलेल्या इनसाइट यानाने नोंदवलेल्या भूकंपलहरींवरून काढलेलं, ११.५ ते २० किलोमीटर खोल, खडकाच्या भेगांत. लहरींचा वेग भेगांत पाणी धरलं तर उत्तम जुळतो, इतकंच. विंधणविहिरीच्या आवाक्याबाहेरचं आहे ते, आणि 'समुद्र' शब्द तर अजिबात नको.

गाळ_आणि_गोटे

सगळे जण आजच्या पाण्यावर भांडताय आणि पक्कं असलेलं मागे राहतंय. एक फलक पूर्ण जुन्या पाण्याला द्या, तिथे वाद जवळपास नाहीत.

क्युरिऑसिटीने २०१२ मध्ये गेल विवरात गोट्यांचा खडक दाखवला. गोटे २ ते ४० मिलिमीटरचे, कडा गुळगुळीत. वारा एवढे गोटे उचलत नाही, आणि कडा झिजायला लांबून गडगडत यावं लागतं. गोट्यांच्या आकारावरून प्रवाह काढला तो असा: खोली ३ सेंटिमीटर ते ९० सेंटिमीटर, वेग सेकंदाला २० ते ७५ सेंटिमीटर. म्हणजे घोट्यापासून कमरेपर्यंतचा ओढा. पुढे त्याच विवरात तळ्याचा गाळ, आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, साधारण ६ मिलिमीटर उंचीच्या, चार-पाच सेंटिमीटर अंतरावरच्या लाटांच्या वळ्या. दोन्ही बाजू सारख्या असलेल्या वळ्या वाऱ्याने पुढेमागे डुचमळणाऱ्या उथळ पाण्यातच पडतात. वर बर्फाचं झाकण असतं तर पडल्या नसत्या. वय सुमारे ३.७ अब्ज वर्षं.

नेहमी एक गल्लत होते: मॅलिन आणि एजेट या शास्त्रज्ञांनी २००० मध्ये दाखवलेल्या ताज्या घळी. त्या 'जुन्या पाण्या'त टाकू नका. आज त्यांत होणारे बदल कार्बन डायऑक्साइडच्या दहिवराच्या मोसमाशी जुळतात.

बाष्पदाब

प्रयोग. निर्वात डेसिकेटर किंवा जाड काचेची बेल जार आणि एसी दुरुस्तीवाले वापरतात तसला दोन-टप्प्यांचा रोटरी पंप, मिनिटाला १०० लिटरच्या आसपासचा. पाणी २० मिलिलिटर, आधी उकळून गार केलेलं; हवा विरघळलेली राहिली तर पहिल्या धक्क्याला उसळून बाहेर सांडतं. पसरट प्लास्टिकची वाटी, खाली थर्मोकोल. थेट धातूच्या तळावर ठेवलंत तर तळ उष्णता पुरवत राहतो आणि पाणी गोठतच नाही. थर्मोकपलचं (तारेच्या तापमापकाचं) टोक पाण्यात. ३० अंशांचं पाणी ४२ मिलिबारला उकळायला लागेल, तापमान घसरेल, शून्याजवळ थोडं रेंगाळेल किंवा खाली उणे चार-पाचपर्यंत जाऊन एकदम शून्यावर उडी मारेल (अतिशीतन), आणि गोठेल.

२० पैकी साधारण ३ ग्रॅम उडतं. ऐकायला थोडं आहे, पण ६ मिलिबारला त्या ३ ग्रॅमची वाफ जवळपास ७०० लिटर होते. म्हणून सात-आठ मिनिटं तरी धरा, आणि ५० मिलिलिटर घेऊन बसू नका. ही वाफ पंपाच्या तेलात जाते, तेल दुधाळ झालं की पंप खाली ओढायचा थांबतो. गॅस बॅलास्ट (वाफ बाहेर काढायला पंपात थोडी हवा सोडणारी झडप) उघडा ठेवा, प्रयोगानंतर जार बंद करून पंप अर्धा तास तसाच चालू द्या. दिवसभर प्रात्यक्षिक असेल तर तेलाची बाटली जवळ ठेवा.

काचेला चरा असेल तर ती जार बाजूला. भोवती जाळी किंवा ॲक्रिलिकचा पडदा, मुलं एक मीटर लांब.

मुलुंड_फलक

जारमधला दाब मोजायला पिरानी गेज मिळतोय, तो चालेल? आणि २० मिलिलिटर पाण्याऐवजी ते कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण आत ठेवलं तर?

बाष्पदाब

पिरानी हवेसाठी किंवा नायट्रोजनसाठी कॅलिब्रेट केलेला असतो. जारमध्ये शेवटी जवळपास नुसती वाफ उरते, तिच्यावर तो चुकीचा आकडा दाखवतो. वायूवर अवलंबून नसलेला कपॅसिटन्स गेज मिळाला तर उत्तम, नाहीतर आकडा झाका आणि थर्मोकपलवर बोला. बर्फ आणि पाणी दोन्ही आत असतील तेव्हा दाब ६ मिलिबारच असणार, तेवढं गेजशिवायही ठाम सांगता येतं.

द्रावण ठेवा, पण वेगळ्या फेरीत. एकाच जारमध्ये दोन्ही वाट्या ठेवल्या तर साध्या पाण्याची वाफ द्रावण ओढून घेतं, ते तापतं आणि पातळ होतं. वेगळं ठेवलंत तर ते उशिरा उकळतं आणि शून्याखाली गेलं तरी पातळच राहतं. वाटी काठोकाठ भरू नका. खारं पाणी उसळून जारच्या रबरी कडीवर आलं की पुढच्या फेरीला सील धरत नाही, ती कडी आधी पाण्याने पुसून घ्या.